शत्रूने कसं मरावं

वेंडेल क्रोला तुकडीत सगळे 'हॅचेट' म्हणत, म्हणजे कुऱ्हाड, आणि त्याला ते आवडायचं. महिन्यातले सहा दिवस तो नेवाडाच्या वाळवंटातल्या तळावर शत्रू व्हायला यायचा. उरलेले दिवस मालवाहू विमानातून लोकांची खोकी या गावाहून त्या गावाला नेणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. खोक्यांचं कुणी कौतुक करत नाही. इथे मात्र त्याच्या छोट्या, जुन्या, मातकट रंगाच्या लढाऊ विमानाच्या शेपटीवर लाल तारा होता आणि नव्या कोऱ्या विमानांतली तरणी पोरं त्याला आकाशभर शोधत फिरायची. राखीव वैमानिकांची ही तुकडी होतीच त्यासाठी. शत्रूसारखं उडायचं, शत्रूसारखं फसवायचं, आणि पोरांनी बरोबर चाल केली की रेडिओवर 'मेलो' म्हणून पंख हलवायचे आणि बाजूला व्हायचं.

हे शेवटचं वेंडेलला कधी जमलं नाही. माइटे एचेवेरीला जमायचं, आणि इथेच त्याच्या पोटात दुखायचं.

माइटे नेवाडातल्याच, पूर्वी स्पेनकडून येऊन वसलेल्या मेंढपाळ बास्क घराण्यातली, एरवी रीनोहून प्रवासी विमानं उडवणारी. ती मरायची म्हणजे अशी मरायची, की मारणाऱ्याला आपलं नेमकं काय बरोबर आलं ते कळावं. क्षणभर आधी नाही, क्षणभर नंतर नाही. खाली उतरल्यावर पोरं कॉफीचे कप घेऊन तिच्याभोवती गोळा व्हायची. वेंडेलने वर्षात एकतीस जणांना पाडलं होतं, त्याच्याजवळ कुणी फिरकायचं नाही. जिला लढता येत नाही ती मरण्यातच नाव काढणार, असं तो घरी बायकोला फोनवर सांगायचा. बायको हं हं म्हणायची.

"काय बाई, आज किती वेळा मेलीस?" तो मुद्दाम सगळ्यांसमोर विचारायचा.

"तीनदा. तू?"

"एकदाही नाही."

"मग पोरं शिकली काय?"

ती हे हसत म्हणायची, त्यात खोच नसायची. म्हणून तर त्याच्या नाकाला जास्तच मिरच्या झोंबायच्या.

त्या शरदात परीक्षाप्रमुखाची, म्हणजे पोरांच्या उड्डाणपरीक्षा घेणाऱ्याची जागा रिकामी होणार होती. तुकडीचा प्रमुख, स्किपर लॉफ्टन, याला ती या दोघांपैकी एकाला द्यायची होती. माइटेला अजून बरीच वर्षं होती. वेंडेलची राखीव सेवा डिसेंबरात संपत होती आणि ही जागा मिळाली तरच मुदत वाढणार होती. नाहीतर लाल तारा गेला, मागे राहिली खोकी. हे त्याला झोपेतसुद्धा आठवायचं.

स्किपरने शेवटची पारख म्हणून दोघांना एकाच परीक्षेला पाठवलं. परीक्षा एलियट प्रुइट नावाच्या लेफ्टनंटची. पास झाला तर आपल्या तुकडीत जाऊन तो वीस पोरांचा शिक्षक होणार होता. वेंडेलच्या मांडीला बांधलेल्या कार्डावर सगळं लिहिलेलं होतं: डोंगराआडून यायचं, प्रुइट दहा मैलांच्या आत यायच्या आधी तुझ्याकडे वळला तर सरळ जात राहायचं आणि मरायचं. वळला नाही तर त्याला मारायचं.

प्रुइट सव्वादहा मैलांवर वळला. झकास वळला. वेंडेलने ते पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर आलं ते पुढचं चित्र: कॉफीचे कप, माइटे, आणि स्किपरची समाधानी मान. आपण मेलो तर तिच्यासारखेच मेलो, त्यात आपलं काय? त्याने विमान उलटं केलं, कड्यामागे बुडी मारली आणि अर्ध्या मिनिटाने प्रुइटच्या पोटाखालून वर आला. प्रुइटचा नेम वाया गेला. वेंडेलने रेडिओवर त्याला मेल्याचं जाहीर केलं. काय सुंदर उड्डाण होतं ते. अंगावर काटा आला त्याच्या.

खाली उतरल्यावर माइटेने त्याला बोळात गाठलं. ती आपल्या विमानातून वरून सगळं पाहत होती.

"कार्डावर बुडी नव्हती, वेंडेल."

"कड्यामागे विमानाच्या मार्गाची नोंद तुटते. पडद्यावर काही दिसणार नाही."

"माहितेय." तिने हेल्मेट दुसऱ्या काखेत घेतलं. "मी बोलणार नाही. मी बोलले तर लोक म्हणतील, जागेसाठी बोलली."

म्हणजे तो सुटला होता. तरी त्याला तिचा रागच आला. हिला चांगुलपणासुद्धा आयता जमतो, असं त्याच्या मनात आलं.

चर्चेच्या खोलीत हुद्दा दाराबाहेर ठेवायची रीत होती. ज्याची परीक्षा तोच फळ्यापाशी. प्रुइटने पडद्यावरच्या रेषा फळ्यावर काढल्या: आपली निळी, वेंडेलची लाल. लाल रेषा कड्यापाशी तुटली होती. तिथे त्याने पट्टी ठेवून ती सरळ जोडली, कारण कार्डावर सरळ होतं आणि लाल बाजू, म्हणजे शत्रू झालेला वैमानिक, कार्ड मोडत नाही हे त्याने गृहीतच धरलं होतं. मग तो स्वतःची चूक शोधायला लागला.

दोन तास शोधत होता. वेग तपासला, उंची तपासली, बोटांनी सेकंद मोजले. न झालेली चूक सापडणार कशी? पण पोरगा प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक माणसाला स्वतःची चूक शोधायला लावली की तो कुठून तरी काढतोच.

"सापडली," तो शेवटी म्हणाला. "मी वळायलाच नको होतं. वळलो म्हणून माझी खालची बाजू उघडी पडली." आणि त्याने फळ्यावर मोठ्या अक्षरांत नियम लिहिला: अशा वेळी वळू नका. "माझ्या पोरांना हेच शिकवेन."

माइटेची पेन्सिल थांबली. ती मात्र वहीतच बघत राहिली. वेंडेलला वाटलं, हिने आता बोलावं. बोलली असती तर त्याला तिच्यावर भडकता आलं असतं. ती बोलली नाही. आणि फळ्यावरचा तो नियम वीस पोरांच्या डोक्यात जाणार होता. त्यातलं एखादं पोर पुढे खऱ्या शत्रूसमोर सरळ जात राहणार होतं.

"पूस ते," वेंडेल म्हणाला.

"सर?"

"तू बरोबर वळलास. मी मरायचं होतं. मी बुडी मारली. ती रेष सरळ नाही, अशी आहे." त्याने उठून स्वतः लाल खडूने ती काढली.

स्किपरच्या चेहऱ्यावर काही दिसेना. प्रुइटने नियम पुसला आणि खडू परत हातात घेतला. त्या खोलीत प्रत्येक चुकीला तीन प्रश्न विचारतात, ती कुणाचीही असो. पहिल्याचं, काय झालं याचं, उत्तर मिळालं होतं.

"का झालं, सर?" त्याने अगदी साधेपणाने विचारलं.

वेंडेलला सुचलेली पहिली दोन उत्तरं खोटी होती. ती त्याने गिळली.

"माइटेचा मत्सर वाटतो म्हणून."

प्रुइटने लिहिलं. लाल रेषेखाली, एकच शब्द: मत्सर.

"उपाय?"

"परीक्षा माइटेने घ्याव्यात," वेंडेल म्हणाला. "आणि डिसेंबरपर्यंत मी तिच्या मागून उडेन. ती कशी मरते ते बघेन."

स्किपरने वहीत टिपून घेतलं. म्हणजे जागा गेली. पोट अजून दुखतच होतं, उलट थोडं जास्तच.

माइटेने पहिल्यांदाच मान वर केली.

"डिसेंबरपर्यंत नाही व्हायचं रे," ती म्हणाली. "मला चार वर्षं लागली. पहिल्या वर्षी रोज रडायचे मी घरी जाऊन."

इतकी वर्षं एका तुकडीत काढून वेंडेलने तिला हे एकदाही विचारलं नव्हतं.