न बघता केलेलं निदान

सरूला सहावा महिना लागला आणि तिला शौचावाटे रक्त पडू लागलं. त्या दिवसापासून घरात सगळेच वैद्य झाले.

"मूळव्याध हाय ती," सासू सोजरबाई म्हणाली. "पोटुशी बाईला व्हतीच. मला बी व्हती." ती निघोज्याहून सुनेच्या बाळंतपणासाठी पिंपरीच्या खोलीत येऊन राहिली होती, आणि जगात तिला न झालेला रोग उरला नव्हता. नवरा ज्योतीराम कंपनीत लेथवर. कातलेल्या लोखंडात केसाएवढा फरक पडला तरी त्याच्या बोटाला कळायचा. बायको वाळत चालली हे मात्र दिसेना. "बाळ खातंय सगळं," म्हणायचा आणि शिफ्टला निघून जायचा.

स्टेशनजवळ रंगराव डॉक्टरांचा दवाखाना होता. कामगारांत त्यांचं मोठं नाव, कारण ते माणसाला चटकन मोकळं करायचे. सरूने मान खाली घालून सांगितलं: रक्त पडतं, सारखं जावंसं वाटतं, जाऊन आलं तरी पोट साफ होत नाही. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं नाही.

"मूळव्याध. बाळंत झालात की जाईल."

मलम आणि रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या. तपासायचं नावच नाही. बाहेर पडताना सरूच्या मनात आलं, बाजारात भेंडी घेणारी बाईसुद्धा एखादी मोडून बघते.

महिन्याभरात जिना चढताना तिला भिंत धरावी लागू लागली. पुन्हा गेली तर डॉक्टर हसले. "फार विचार करता बाई तुम्ही!"

त्या संध्याकाळी ती ज्योतीरामला म्हणाली, "मला पुण्याला न्या. न्हाईतर मी एकटी जाते." तिचा आवाज ऐकून त्याने रजा टाकली.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आतून कुणी तपासलं?"

"न्हाई."

"कुणीच नाही?"

ज्योतीराम भिंतीकडे बघत राहिला. बाईंनी पडदा ओढला आणि हातमोजा चढवला. बोटाला गाठ लागली. कडक, खडबडीत. तिचा तुकडा तपासायला गेला आणि आठवड्याने उत्तर आलं. गुदाशयाचा कॅन्सर.

"बाळाचं काय?" सरूने विचारलं.

"बाळाला त्याचं काही नाही. त्याला अजून थोडं वाढू देऊ, मग पोट कापून काढू. गाठ वाटेतच आहे, कळा देणं धोक्याचं. तुम्ही सावरलात की गाठीचं ऑपरेशन. शौचाची वाट मात्र कायमची पोटावर काढावी लागेल."

"पयल्यांदा रक्त पडलं तवाच आले असते तर?"

"गाठ लहान असती," बाई म्हणाल्या.

घरी सोजरबाईने कपाळावर हात मारला. "पोटुशी असून गिराण लागल्यावर इळीला हात लावला असंल हिनं!"

"आत्याबाई," सरू म्हणाली, "तुमची मूळव्याध कुठं गेली मग?"

मुलगी झाली. मुठीएवढी, पण रडणं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं. पुढे ऑपरेशन होऊन गाठही निघाली. सरू महिनाभर खाटेवर होती. पोटावरच्या नव्या वाटेकडे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी मात्र नर्सला म्हणाली, "शिकवा मला."

मुलीच्या लांबलेल्या बारशाला रंगराव डॉक्टर न बोलावता आले. पेढा तोंडात टाकत चारचौघांना सांगू लागले, "मला तेव्हाच शंका आली होती. मीच म्हटलं, पुण्याला दाखवा." जमलेल्यांनी माना डोलावल्या. सोजरबाईनेही.

सरू पाळण्याची दोरी धरून बसली होती. "डॉक्टर," ती म्हणाली, "तुमी मला खुर्चीवरून उठा सुद्धा म्हणाला नव्हता. शंका कशावरून आली? लुगड्यावरून?"

सोजरबाईने पदर तोंडावर ओढला. डॉक्टरांना एकाएकी पेशंट आठवले.

पोटावर बांधायच्या पट्ट्या ज्योतीराम चाळीच्या नळावर सगळ्यांसमोर धुवायचा. "काय राव, बायकोची धुणी?" शेजारचा जयसिंग खिदळला. "व्हय. तुझी बी आण," ज्योतीराम म्हणाला आणि पिळतच राहिला.

सरूने ते खिडकीतून ऐकलं. तिला बरं वाटलं, पण त्याला तसं सांगितलं नाही. त्याचं 'बाळ खातंय सगळं' अजून तिच्या कानात होतं; एवढ्यात तरी सांगणार नव्हती.