रंगपंचमीच्या दिवशी मी अडकलो नाही

मित्रांनो, माझ्याकडे असं कौतुकानं बघू नका, मला लाज वाटते. मी एक म्हातारा टेपरेकॉर्डर. देवासच्या एका घरात कपाटावर पडून असतो. हँडल मोडलंय, अँटेना अर्धीच उरलीय आणि माझ्या लाल बटणावर गुलाबी रंगाचा एक डाग आहे. त्या डागाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला काही चैन पडायचं नाही.

माझा जन्म जपानचा. पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीनं माझे स्क्रू आवळले. तिथून मी कुवेतला गेलो आणि १९८१ साली एका मावसभावाच्या सुटकेसमधून, साड्यांत गुंडाळलेला, भैयासाहेबांच्या घरी आलो. भैयासाहेब मूळचे धारचे, जुन्या मराठा घराण्यातले. नोकरी देवासच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. पण त्यांचा खरा जीव यंत्रांत! कॉलनीत कुणाला काहीही घ्यायचं असलं की आधी भैयासाहेबांचा सल्ला. मिक्सर घेताना वॅट बघू नका, तो फिरताना कान देऊन ऐका. स्टॅबिलायझर नसेल तर फ्रिज घरात आणूच नका. नव्वद मिनिटांची कॅसेट घेऊ नका, तिची फीत पातळ असते, गुंतते. आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर निघे, हीच तर पंचाईत होती. बरोबर निघालेला माणूस कुणाचं ऐकतो होय?

माझ्यावर त्यांचा फार लोभ. दर रविवारी कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून माझी डोकी पुसत. हो, मला दोन डोकी आहेत. एक आवाज लिहितं. त्याच्या अलीकडचं दुसरं, लिहिण्याआधी फितीवरचं जुनं सगळं पुसून टाकतं. कोणी पाहुणा आला की भैयासाहेब लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबत, म्हणत, "हॅलो हॅलो, एक दोन तीन, बोलो भिया!" आणि पाहुण्याला त्याचाच आवाज ऐकवत. पाहुणा तोंडाचा आ वासून बघे. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, मी शेफारलो होतो.

१९८५ च्या जानेवारीत धारहून निरोप आला. भैयासाहेबांच्या आत्या, यमुनाबाई, यांच्या घशात गाठ निघाली होती. इंदूरला ऑपरेशन ठरलं. जीव वाचेल, पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

आता त्या घरची एक रीत सांगतो. लग्नाची हळद जात्यावर दळताना घरातली लेक एक गाणं म्हणते. त्यात सात पिढ्यांच्या सुनांची नावं घेऊन एकेकीला बोलावतात, "सगुणाबाई, या गं, जात्याला हात लावा." वंशावळीच्या कागदावर सगळे पुरुष. या बायकांची नावं फक्त त्या गाण्यात. ते कागदावर उतरवायचं नाही, आत्याच्या तोंडून भाचीनं शिकायचं. गाणं आता एकट्या यमुनाबाईंना येत होतं आणि भैयासाहेबांच्या लेकीचं, सुमंगलाचं, लग्न मे महिन्यात होतं.

भैयासाहेब मला मांडीवर घेऊन बसनं धारला गेले. सहा नवे सेल, साठ मिनिटांची कोरी कॅसेट. यमुनाबाईंनी पदर नीट केला, माझ्याकडे बघून नमस्कार केला आणि गायला लागल्या. आवाज घोगरा होता, मध्ये मध्ये खोकला येत होता. पण सातही नावं घेतली. मी एकही शब्द सांडला नाही. आयुष्यात एवढं एक काम मी मनापासून केलं होतं.

घरी आल्यावर सुमंगला म्हणाली, "बाबा, कॅसेटच्या मागचे ते प्लास्टिकचे दोन तुकडे तोडून टाकू का? कॉलेजात सर तोडतात. फिर उसपे कोई दुसरा रेकॉर्ड नहीं कर सकता."

"बिलकुल नाही! ही कंपन्यांची चाल आहे. तोडा, म्हणजे कॅसेट बाद आणि तुम्ही दुसरी घ्या!" भैयासाहेब म्हणाले. "आणि हे बघ, ती सारखी वाजवायचीही नाही. फीत झिजते. हळदीला एकदाच लावू."

"पण मला शिकायचंय ना ते."

"लग्नानंतर शीक की. पळून चाललंय का?"

कॅसेटला नावाची चिठ्ठीही लावली नाही, गोंद सुटून माझ्या पोटात जातो म्हणून. पाहुण्यांना दाखवायची त्यांची कॅसेट होती, अगदी तशीच ही दुसरी. ही त्यांनी देवघराच्या फडताळात ठेवली.

मार्चमध्ये रंगपंचमी आली. आपल्या माळव्यात रंगपंचमी म्हणजे काय, ते मी सांगायला नको. सकाळी घरात कोणी नाही असं बघून सुमंगलानं ती कॅसेट हळूच माझ्यात घातली. पोरगी गाणं शिकायला बसली होती हो! दोन नावं ऐकली तोच मैत्रिणींनी बाहेरून हाका मारल्या. तिनं फीत मागे गुंडाळली आणि "आत्ता येते" म्हणून पळाली.

तेवढ्यात शेजारचे उमाशंकर टोंकखुर्दहून आलेल्या आपल्या मेव्हण्याला घेऊन आले. दोघं रंगानं माखलेले. "भिया, अपनी मशीन जरा इनको भी दिखा दो. लेनेवाले हैं."

झालं. रंग खेळून नुकतेच परतलेले भैयासाहेब खुलले. माझ्यात असलेली कॅसेट आपली नेहमीचीच, असं त्यांनी धरलं. गुलाबी बोट लाल बटणावर आलं.

मित्रांनो, मला ठाऊक होतं आत काय आहे ते. आणि ऐका, त्या दिवसांत माझा रबरी पट्टा ढिला झाला होता. मी रोज अडकायचो, दर दोन दिवसांनी फीत खायचो. त्या दिवशी अडकलो असतो तर? फार तर वीतभर फीत चुरगळली असती. पण समोर नवा पाहुणा, दारात दहा माणसं, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी असा काही सुरेख फिरलो, की विचारू नका! अर्धा तास सगळे माझ्यासमोर गात होते, ओरडत होते, हसत होते. आतून जेवायची हाक आली, तेव्हा कुठे बटण वर आलं. संध्याकाळी सुमंगलानं बाबांच्या नजरेआड कॅसेट मागे गुंडाळून फडताळात ठेवली, आणि लग्नाच्या गडबडीत ती पुन्हा ऐकायला तिला सवड मिळाली नाही.

मे महिन्यात हळदीला यमुनाबाईंना गाडीनं आणलं. गळ्याभोवती पांढरा रुमाल. बोलायला गेल्या की नुसते ओठ हलत. बायका जात्याभोवती बसल्या. भैयासाहेबांनी बटण दाबलं.

"हॅलो हॅलो, एक दोन तीन, बोलो भिया!"

कोणीतरी हसलं. मग हसू थांबलं. भैयासाहेब फीत पुढे पळवत राहिले. उमाशंकर गात होते, मेव्हणा शिट्ट्या मारत होता. सुमंगला पांढरीफटक पडली. अगदी शेवटी, आरडाओरडा संपल्यावर, यमुनाबाईंचा आवाज आला. "भैया, आलं का रे सगळं? पुसून नाही ना जायचं?"

आणि त्यावर भैयासाहेबांचा, "आत्या, काळ्या दगडावरची रेघ आहे ही."

फीत संपली. मी खट्‌कन बंद पडलो. भैयासाहेब भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे रडले. "बाबा, मीच ठेवली होती आत," सुमंगला म्हणत होती, ते त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

यमुनाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सुमंगलाला जवळ ओढलं, तिची हनुवटी धरली आणि ओठ हलवायला लागल्या. सुमंगला डोळे फाडून बघत होती. सगुणा आणि भागीरथी तिनं ऐकलेल्या होत्या. गजरा ओळखता आली. तानूबाई चार वेळा चुकून पाचव्यांदा जमली. पुढची तीन नावं जुन्या वळणाची, ती काही केल्या कुणाला कळेनात, आणि यमुनाबाईंना लिहिता येत नव्हतं. दमून यमुनाबाईंनी मान हलवली. मग हात पुढे करून मला थोपटलं. मला! त्यापेक्षा त्यांनी मला अंगणात भिरकावलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी भैयासाहेबांनी चाकूनं कॅसेटच्या मागचे दोन्ही तुकडे तोडले. आता ते शेवटचं वाक्य कुणाला पुसता येणार नाही. त्यानंतर त्यांनी कुणाला काही सल्ला दिल्याचं मी ऐकलं नाही. "दुकानदाराला विचारा," एवढंच म्हणत. दोन वर्षांनी यमुनाबाई गेल्या.

मित्रांनो, यंत्राला जपा, पण त्याच्या पोटात काय ठेवलंय ते आधी जपा. लाल बटण दाबण्यापूर्वी एकदा ऐकून घ्या. आमच्यावर विसंबू नका, आम्ही कौतुकाला भुलतो.

गेल्या वर्षी सुमंगलाच्या धाकट्या बहिणीची, नलिनीची, हळद झाली. सुमंगला जात्याशी बसली. मी कपाटावरून ऐकत होतो. तिनं चार जणींना नावानं बोलावलं. मग ती गप्प झाली, पण तिनं जातं थांबवलं नाही. एकीसाठी एक फेरा, दुसरीसाठी दुसरा, तिसरीसाठी तिसरा. तेवढा वेळ घरात नुसत्या जात्याची घरघर होती.