पिवळा दिवा

दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय जिला घास गोड लागत नाही, तिला प्रयोगशाळेत 'दुरुस्तीबाई' म्हणत, यात नवल ते काय! तिने बनवलेला रेडिओही तिच्याच वळणावर गेला होता. एकच संदेश तो अनेक लहरींवर विखरून पाठवी. गोंगाटाने काही तुकडे खाल्ले, तरी पलीकडचा सेट चुका सुधारून संदेश जुळवी. बटणं दोनच: हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे चाचणी थांबवा, दार उघडा. जे दाबावं, त्या रंगाचा दिवा पलीकडच्या सेटवर लागे.

"न जुळलेलं तसंच दाखवू द्या की, ताई," बरोबर काम करणारा चष्मिस म्हणाला होता. "पिवळा दिवा ठेवू."

"माझा सेट 'कळत नाही' म्हणणार नाही." अडलंच तर हिरव्याकडे झुकायचं, हेही तिनेच सेटला शिकवलं. उगाच धावपळ नको म्हणून.

आज चाचणी होती. नियमाप्रमाणे फोन बाहेर ठेवला, घाईत पर्सही तिथेच राहिली. दम्याचा पंप पर्समध्ये. पत्र्याने मढवलेल्या खोलीचं दार लागलं, लहरींत मुद्दाम खरखर मिसळणारं उंच छतावरचं गोंगाटयंत्र सुरू झालं, आणि भिंतींवरच्या नव्या फोमच्या गोंदाचा वास तिच्या छातीत भरला. दार उघडायला गेली, तर मूठच हातात आली.

तिने लाल दाबलं. जाळीच्या काचेपलीकडे चष्मिसच्या टेबलावर हिरवा लागला. पुन्हा लाल, पुन्हा हिरवा. गोंगाट इतका होता की पलीकडचा सेट आता जुळवत नव्हता, चक्क ठोकून देत होता. तिने दारावर बुक्क्या मारल्या. चष्मिस पाठमोरा, कानांवर हेडफोन. शेवटी तिने आपल्याकडचा सेट बंदच केला. तरी हिरवा! नुसत्या खरखरीतूनही तिच्या लाडक्याने 'ठीक' शोधून काढलं होतं. आपलं तोंड आपणच शिवून घेतलं, हे तिला कळलं आणि ती भयंकर घाबरली. श्वास शिटीसारखा वाजू लागला. ती खाली बसली.

दार उघडलं.

"दर चाचणीत चारदा लाल दाबून माझ्या चुका काढता," चष्मिस म्हणत होता, "आणि आज सगळं ठीकच ठीक? म्हटलं, हे काही खरं नाही..." तिचा चेहरा पाहून तो पर्सकडे धावला.

पंपाचे दोन झुरके आत गेले.

"बरं वाटतंय का, ताई?"

"कळत नाही," दुरुस्तीबाई म्हणाली. "आधी तो पिवळा दिवा बसव."