पहिला भाग एकदा की दोनदा

चष्म्याच्या दुकानदाराला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणूनच त्याला पियानोशेजारी पानं उलटायला बसवलं होतं. कळणारा माणूस मध्ये नाक खुपसतो, असं त्याच्या मेहुणीचं मत. तिनं मान हलवली की पान उलटायचं, एवढीच अक्कल लागायची आणि तेवढी त्याच्याकडे होती.

मेहुणी पियानो वाजवायची आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे याची बायको, व्हायोलिन. जेवणाच्या सुट्टीतल्या या फुकट मैफलीच्या पोस्टरवर बायकोचं नाव ठळक छापलं गेलं आणि मेहुणीचं त्याखाली, बारीक. "या जुन्या रचनांत पियानोच मुख्य असतो, व्हायोलिन नुसतं साथीला," एवढं बोलून मेहुणीनं अबोला धरला. तालमी झाल्या त्या मुक्यानंच. रविवारी घरी यायचंही तिनं सोडलं. संगीत कळत नसलं तरी रविवारी दोघी हसत-भांडत वाजवायच्या तेव्हा याला घर भरल्यासारखं वाटायचं. आता रविवार खायला उठत होता.

"जावईबापू, तिला सांगा, पहिला भाग दोनदा घ्यायचा," आज मंचावर स्टूल खालीवर करताना मेहुणी म्हणाली. "लिहिणाऱ्यानं तसं लिहिलंय." तालमीत वेळ वाचवायला दोघी तो भाग एकदाच घेत.

मंचामागच्या खोलीत बायको व्हायोलिनच्या गजाला राळ घासत होती. "तिला सांग, लोकांना ऑफिसात परत जायचंय. एकदाच."

हे तसंच पोचवलं असतं तर गाडी पुन्हा पोस्टरवर आली असती, आणि या खेपेला दोघी कायमच्या तुटल्या असत्या. म्हणून त्यानं मेहुणीला सांगितलं, ती हो म्हणाली. बायकोलाही तेच सांगितलं. तेच सूर एकदा वाजले काय, दोनदा वाजले काय, कुणाच्या बापाला कळणार होतं?

श्रोते सँडविच चावत बसले होते. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तर आल्या आल्या घोरायला सुरुवात केली होती.

पहिला भाग झकास झाला. मेहुणीनं मान हलवली. हा पान पुढे उलटायला गेला तर तिनं डोळे वटारून मागचं पान दाखवलं, आणि यानं घाईघाईनं ते उलटलं. पियानो मागे वळला, व्हायोलिन सरळ पुढे निघून गेलं. असा काही गोंधळ उठला की घोरणारे गृहस्थ दचकून जागे झाले.

बायको थांबली, वळली. "ताई, मागे कुठे निघालीस?"

पोस्टर लागल्यापासून ती ताईशी पहिल्यांदाच बोलत होती.

"तूच हो म्हणालीस ना?"

"मी कुठे? तू हो म्हणालीस, असं कळलं मला."

दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. तो वहीतल्या काळ्या ठिपक्यांकडे मन लावून बघत राहिला.

"मला याचा लग्नातच संशय आला होता," मेहुणी म्हणाली.

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

सभागृहात हशा पिकला. दोघीही हसल्या.

"चल, दोनदा घेऊ," बायको म्हणाली.

"नको गं, लोकांना परत जायचंय."

शेवटी एकदाच घेतला. मैफल संपल्यावर दोघी त्याची उणीदुणी काढत पुढे निघाल्या, मागून तो व्हायोलिनची पेटी आणि वह्या सांभाळत.

"रविवारी येते मी," मेहुणी म्हणाली. "तेव्हा याला बघून घेऊ."

रविवारची इतकी वाट त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती.