रिकाम्या खुर्चीचा रोग

रविवारी सकाळी हॉल गच्च भरला होता. पुढे टेबलावर काचेची टाकी, तिच्या तळाशी सहा मिशाळ मासे आणि टाकीसमोर एक खुर्ची. आजारी माणूस खुर्चीत बसला की बाबा टाकीवरचं काळं कापड उचलायचा. सगळे श्वास रोखून बघायचे. मग एखादा मासा तळातून बाणासारखा वर यायचा, पाण्याबाहेर तोंड काढून पुन्हा खाली जायचा.

"ओढला रोग," बाबा म्हणायचा. "वर नेला, हवेत सोडला. डॉक्टर रोग दाबतो, मासा उपटतो. आता गोळ्या-बिळ्या बंद. माशाला शंका आवडत नाही."

लगेच कापड खाली, पुढचा आजारी खुर्चीत.

चौथ्या रांगेत टाकीवाला बसला होता. दवाखान्यांतल्या, ऑफिसांतल्या शोभेच्या माशांच्या टाक्या साफ करायच्या, हा त्याचा वीस वर्षांचा धंदा. तीन महिन्यांपूर्वी त्याची बायको याच खुर्चीत बसून गेली होती. तिनं साखरेच्या आजाराची इंजेक्शनं बंद केली आणि नवव्या दिवशी ती गेली. आज तिची धाकटी बहीण तीच इंजेक्शनं सोडायला आली होती.

गेल्या रविवारी तो एकदा येऊन सगळं बघून गेला होता. बाबाचं मुंडकं त्याच टाकीत बुडवावं, असं तेव्हा मनात आलं होतं. पण तेवढ्यानं बाबा हुतात्मा झाला असता. त्याला बाबा जिवंत हवा होता, आणि हॉल भरलेला.

मेव्हणीचा नंबर आला. ती उठली तसा तोही उठून पुढे गेला.

"भाऊजी, तुम्ही मध्ये पडू नका."

"नाही पडत. तू फक्त बसू नकोस अजून." त्यानं टाकीवरचं कापड ओढलं, घडी करून काखेत मारलं. "मंडळी, खुर्ची रिकामी आहे. जरा टाकीकडे बघू."

"मासे कोपतील," बाबा म्हणाला.

"कोपू देत. त्यांचं नि माझं वीस वर्षांचं जमतं."

मिनिटभरानं एक मासा वर आला, तोंड काढून गेला. थोड्या वेळानं दुसरा. मग एकदम दोन.

"खुर्चीला काय झालंय, बाबा?" मागून एक म्हातारी म्हणाली. "संधिवात असेल. पाय बघा कसे वाकलेत तिचे."

हशा पिकला. बाबाची बोबडी वळली. "ते... हॉलमधल्या सगळ्यांचे रोग एकदम..."

"मग या लोकांना रांगेत कशाला ताटकळत ठेवलंत?" टाकीवाला लोकांकडे वळला. "या माशाला कोरी म्हणतात. तळाशी अन्न चिवडतो आणि अधूनमधून वर येऊन हवा गिळतो. आतड्यानं श्वास घेतो तो. पाण्यातली हवा कमी पडली की जास्त फेऱ्या मारतो. म्हणून या बाबानं हवेच्या पंपाची पिनच काढून ठेवलीय." त्यानं टेबलाखालची वायर वर धरली. "पाणी कधीचं बदललेलं नाही. तळ सडलाय, त्यानं माशांच्या मिशा अर्ध्या झडल्यात बघा. आणि मधल्या फेऱ्या तुम्हाला दिसू नयेत म्हणून हे कापड. एवढाच चमत्कार."

बाबा मागच्या दाराकडे सरकत होता. टाकीवाल्यानं त्याचा दंड धरून त्याला खुर्चीत बसवलं. "बस. माझी बायको बसली होती तिथंच बस. सगळ्यांना नीट बघू दे."

मासा वर आला.

"ओढला बघ तुझाही रोग. आता खरं बोलशील?"

बाबानं मान खाली घातली. टाकीवाल्याला बरं वाटलं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

मेव्हणी मात्र त्याच्याकडेच बघत होती. "भाऊजी, एवढं ठाऊक होतं, तर ताईला का नाही सांगितलंत?"



"ती म्हणाली, बाबाकडे जाते. मी म्हटलं, जा. बाबा बरं कशानं करतो, हे मी विचारलंच नाही. ती नुसतं 'मासा' म्हणाली असती, तरी हातातला चहा संपायच्या आत मी तिला सगळं समजावलं असतं." त्यानं हॉलकडे तोंड केलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुम्ही तरी विचारा. घरच्यांना विचारा, बाबाला विचारा, डॉक्टरलाही विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्या दारात उभे राहू नका. आणि डॉक्टरनं सांगितल्याशिवाय औषध सोडू नका."