पान ओलं की सुकं

रकानाबाई हे नाव तिला साहेबांनीच ठेवलं होतं. संस्थेच्या विषारी झाडांच्या माहितीसाठ्यात फक्त एक रकाना वाढवा, म्हणून ती तीन वर्षं त्यांच्या मागे लागली होती. विष मोजलं तेव्हा पान ओलं होतं की सुकं? सुक्या पानात पाणी नसतं, ग्रॅममागे विष जास्त भरतं. हे ठाऊक नसेल तर नुसता आकडा काय कपाळाला लावायचा? गेल्या सोमवारी साहेबांनी एकदाचा होकार दिला आणि तिला आभाळ ठेंगणं झालं.

गुरुवारी दुपारी इस्पितळातून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज अगदी खुशीत.

"तुमच्या रकान्यानं काम सोपं केलं हो! एका बाईनं पालेभाजी समजून मूठभर रानपाला कच्चाच खाल्लाय. तुमचा आकडा सुक्या पानाचा. तिनं खाल्ली ओली पानं, म्हणजे विष पाचवा हिस्साच. घरी सोडतेय तिला."

"अरे वा," म्हणता म्हणता तिची जीभ अडकली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या झाडाची नोंद समोर उघडी होती, ती तर चाळीस वर्षांपूर्वीची. त्यात ओलं-सुकं आपण कधी तपासलं?

तो रकाना रिकामा ठेवता येणार नाही, असा नियम तिनंच मोठ्या हौसेनं घातला होता. मग अकराशे जुन्या नोंदींत एकगठ्ठा 'सुकं' टाकून ती मोकळी झाली होती. नंतर बघू म्हणे! तीन दिवस बाईसाहेब लोकांकडून स्वतःचं कौतुक ऐकत बसल्या होत्या.

"डॉक्टर, पाच मिनिटं थांबवा तिला. मी तपासते."

नोंद करणारे संशोधक निवृत्त होऊन घरी होते. फोन त्यांनी लगेच उचलला, एवढं नशीब.

"सर, तुम्ही पानं सुकवून मोजायचात?"

"सुकवून? अगं, आमच्याकडे भट्टी कुठली? टेबलसुद्धा उसनं होतं. तोडलं की मोजलं."

म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबाच्या पाचपट विष! तिनं इस्पितळाला फोन लावला. बिझी. पुन्हा बिझी. एव्हाना साहेब दारात येऊन उभे राहिले होते. आता खरं बोललं की रकाना गेला, तीन वर्षं पाण्यात. तिला सगळं कळत होतं. तेवढ्यात फोन लागला.

"डॉक्टर, मोजलेलं पान ओलं होतं! 'सुकं' मी टाकलंय, न बघता. सोडू नका तिला."

"अहो, पाच मिनिटं थांबवलं, ती आत्ताच गेली!"

फोन तसाच टाकून डॉक्टरीणबाई पळाल्या. चपलांचे आवाज, कुणाची तरी हाक, मग काहीच नाही. साहेबांनी तोंड उघडलं.

"नंतर ओरडा, साहेब," ती म्हणाली.

किती वेळ गेला कोण जाणे.

"सापडली," डॉक्टरीणबाई धापा टाकत होत्या. "गेटपाशी पायरीवर बसली होती, चक्कर येते म्हणून. नाडी चव्वेचाळीसवर उतरलीय. आत घेतलंय, औषध सुरू केलंय. अशा अजून किती नोंदी आहेत?"

"अकराशे."

साहेबांनी ऐकलं. "काढून टाक तो रकाना. आत्ताच्या आत्ता."

"नाही काढणार. त्यात तिसरा पर्याय घालते, 'माहीत नाही'. सगळ्या अकराशेंना तोच." तिला रडू फुटलं, पण बोटं थांबली नाहीत. "मला ठाऊक असलेलं खरं तेवढंच आहे, साहेब."

सोमवारपासून आणखी नऊ इस्पितळांनी जुन्या नोंदी उघडल्या होत्या. तिनं डोळे पुसले आणि पहिला नंबर लावला.

"नमस्कार, माझी एक चूक सांगायला फोन केलाय."