बाटलीतले मीठ

रखमाबाईंच्या लेकीचे, चित्राचे लग्न झाले ते १९५३ साल. कोपरीतल्या त्या लग्नात तुरीची डाळ दोन तास उकळली तरी शिजेना. शेवटी धाकट्या जावेच्या, आवडाबाईंच्या विहिरीचे पाणी आणले, तेव्हा कुठे पंगत बसली. व्याही म्हणाले, "धाकट्या बाईंच्या पाण्याने लाज राखली!" ते शब्द रखमाबाईंच्या मनात रुतून बसले.

वाटणीत थोरलीला खाडीकडची विहीर आली होती, धाकटीला वरची. खालच्या पाण्याने साबणाला फेस येत नसे, हंड्याला पांढरे पुट बसे. आळीतल्या बाया घागरी घेऊन आवडाबाईंकडे जात आणि रखमाबाई ते खिडकीतून पाहून जळत.

दिवाळीनंतर पाणी तपासणारे त्र्यंबकराव आले. दोन्ही विहिरींच्या बाटल्या भरून त्यांनी आवडाबाईंच्या ओट्यावर ठेवल्या. "जिचं पाणी वाईट, तिच्यावर लाल पाटी लागेल," असे सांगून ते चहाला आत गेले.

'पाटी माझ्याच दारात का?' रखमाबाईंनी जावेच्या बाटलीत मूठभर मीठ टाकले.

आठ दिवसांनी त्र्यंबकराव दोन बशा घेऊन परतले. दोन्हींत पाणी आटवून उरलेला पांढरा थर होता.

"आवडाबाई, तपासणीप्रमाणे तुमच्या विहिरीवर लाल पाटी लावून ती बंद करावी लागेल."

"अहो, मग आळीनं प्यायचं काय?"

"मलाही कोडं पडलंय. त्या दिवशीचा चहा याच पाण्याचा होता, आणि चांगला होता!"

त्यांनी बशांत साधे पाणी ओतले. "हा रखमाबाईंच्या पाण्यातला चुना. पाणी जमिनीतून मावेल तेवढा चुना घेतं. तापलं, आटलं की तो भांड्याला चिकटतो. पाहा, विरघळत नाही. आणि ही दुसरी बशी! सगळं विरघळलं. हे विहिरीतलं नव्हे, मिठागरातलं मीठ."

ओट्याच्या कडेला उभ्या असलेल्या रखमाबाई पुढे आल्या. "मी टाकलं, आवडे! तुझ्या दारातल्या घागरी मला बघवेनात."

आवडाबाईंनी खारट बशी ओट्याखाली ओतली. मग म्हणाल्या, "जाऊबाई, तेवढ्या मिठात माझी आठवड्याची आमटी झाली असती! आणि चित्राच्या लग्नापासून तुमची सून उत्तरा मागच्या दारानं माझ्याकडूनच पिण्याचं पाणी नेते. सासू रागावेल म्हणून बोलत नाही बिचारी. तुम्हीसुद्धा तेच पिता!"

"काय!" रखमाबाईंनी तोंडाला पदर लावला.

बाटली पुन्हा भरली; विहीर वाचली. दुसऱ्या दिवसापासून रखमाबाई स्वतः घागर घेऊन पुढच्या दाराने जाऊ लागल्या.

बंधुभगिनींनो, दुसऱ्याचे चांगले डोळ्यांत खुपू लागले की आपण आपल्याच पिण्याच्या पाण्यात मीठ कालवतो. आपल्याकडे नाही ते मोकळेपणाने मागावे.

आवडाबाई १९५८च्या पौषात हिवतापाने वारल्या; तोवर रखमाबाईंची घागर रोज त्यांच्याच विहिरीवर भरत होती.